अर्थिंगची पट्टी, परका ईसीयू आणि अंबडचे एक बिनपाटीचे वर्कशॉप

इंजिन बदलून घेतले, पण त्यानंतर गाडी सुरूच होत नाही, अशा अवस्थेत नाशिकमध्ये कोणाकडे जावे हा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे, त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. ज्या वर्कशॉपविषयी सांगायचे आहे ते अंबड औद्योगिक वसाहतीत, पाथर्डी फाट्याच्या बाजूला, एका पत्र्याच्या शेडमध्ये चालते. त्यावर नावाची पाटी नाही. आसपासच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत ‘स्कॅनरवाले भाऊ’ एवढे विचारले की माणूस हात करून शेड दाखवतो. दोघे भाऊ मिळून ते चालवतात. मोठे वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स पाहतात, तर धाकट्यांकडे फ्युएल लाइन, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि बाकीची यांत्रिक तपासणी असते. इंजिन उतरवणे, बोअर करणे, डेंटिंग-पेंटिंग यांपैकी कोणतेही काम ते घेत नाहीत. दुसऱ्या गॅरेजमध्ये सुरू न झालेली गाडी नेमकी कशामुळे सुरू होत नाही, हे शोधून देणे हाच त्यांचा व्यवसाय आहे. हे काम ते उत्तम करतात, वेळेच्या बाबतीत मात्र ग्राहकाची परीक्षा पाहतात, असे माझे मत आहे. त्याची कारणे पुढे सविस्तर देतो.

गाडी २०१२ सालची पेट्रोल स्विफ्ट, म्हणजे ११९७ सीसीचे के१२एम इंजिन. मुंबईहून येताना कसारा घाटात रेडिएटरचा पाइप फुटला आणि कूलंट वाहून गेल्यामुळे इंजिन तापून जाम झाले. हेड, बोअर, पिस्टन असा सगळा खर्च मोजल्यावर वापरलेले पूर्ण इंजिन बसवणे स्वस्त पडत होते. अंबड लिंक रोडवरच्या भंगार बाजारावर महापालिकेने २०१७ मध्ये मोठी कारवाई केली, तेव्हापासून माझ्या ओळखीचे बहुतेक गॅरेजवाले पूर्ण इंजिनासाठी कुर्ल्याकडेच पाहतात. माझ्या गाडीचे इंजिनही तिथूनच आले. ते शहरातल्याच एका गॅरेजने बसवले. त्या गॅरेजचे नाव देण्याचे कारण नाही. त्यांचे यांत्रिक काम नीट होते हेही सांगितले पाहिजे: माउंटिंग सरळ बसले होते, क्लच प्लेट आणि मागचे ऑइल सील नवे घातले होते, कोठे गळती नव्हती. फक्त गाडी सुरू होत नव्हती.

लक्षण असे होते की किल्ली फिरवली की सेल्फ (स्टार्टर मोटर) फिरे, पण जड फिरे, आणि इंजिन एकदाही पकडत नसे. त्यावर आधी बॅटरी बदलण्यात आली. नंतर स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष दाखवणाऱ्या यंत्रावर, पी०३३५ हा कोड आला म्हणून क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्टचे फिरणे ओळखणारा सेन्सर) नवा आला. त्यानेही काही झाले नाही, तेव्हा चारही प्लग आणि दोन कॉइल बदलल्या गेल्या. शेवटी सेल्फ मारताना स्कॅनरचा संपर्कच तुटतो हे दिसल्यावर ‘ईसीयू’, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ‘गेला’ असा निर्णय झाला, दुसऱ्या एका स्विफ्टचा ईसीयू लावून पाहण्यात आला, आणि त्यावरही गाडी सुरू होईना तेव्हा नवा ईसीयू व त्याचे प्रोग्रॅमिंग मिळून २८,००० रुपयांचा अंदाज माझ्या हातात पडला. बदललेल्या प्रत्येक वस्तूचे पैसे मी दिलेले होते, आणि त्यांपैकी एकही वस्तू मुळात बिघडलेली नव्हती, हे नंतर सिद्ध झाले.

कोड आला की त्या नावाचा सेन्सर बदलायचा, ही सवय आपल्याकडे इतकी रुळली आहे की स्कॅनर विकत घेतला म्हणजे निदान आले असा समज ग्राहकांतही पसरला आहे. पी०३३५ चा अर्थ क्रँकशाफ्ट सेन्सरच्या सर्किटमध्ये ईसीयूला अपेक्षित संकेत मिळाला नाही, एवढाच होतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, त्याचा कपलर (तारा जोडायची खाच) आहे, हार्नेसमधल्या (तारांच्या जुडग्यातल्या) तारा आहेत, सेन्सरला मिळणारा पुरवठा आहे, अर्थिंग आहे आणि खुद्द ईसीयूही आहे. यांतला कोणता दुवा सुटला आहे हे सांगण्याची ताकद त्या कोडमध्ये नसते. आणि इंजिन बदललेल्या गाडीत तर यातला जवळपास प्रत्येक दुवा कोणीतरी हाताने सोडून पुन्हा जोडलेला असतो.

अंबडच्या वर्कशॉपमध्ये गाडी टोचन करून नेली. तिथे बॉनेट उघडण्याच्या आधी एक वही उघडली गेली आणि मोठ्या भावांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. जाम होण्याच्या आधी गाडी व्यवस्थित चालत होती का? इंजिनासोबत आलेले सेन्सर ठेवले की जुन्या इंजिनाचे काढून बसवले? हार्नेस गाडीचाच आहे की इंजिनाबरोबर आलेला? ईसीयू कोणता लावला आहे, आणि मूळचा कुठे आहे? इमोबिलायझरचा (चोरीपासून बचाव करणाऱ्या यंत्रणेचा) दिवा काय करतो? माझ्याकडे यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे नव्हती, म्हणून त्यांनी मला आधीच्या गॅरेजला तिथल्या तिथे फोन करायला लावला आणि स्वतः त्या मिस्त्रींशी अतिशय आदराने बोलले. ‘मिस्त्री, तुमच्या कामात खोट काढायची नाही, फक्त काय काय सोडलं होतं तेवढं सांगा,’ हे त्यांचे वाक्य मला महत्त्वाचे वाटले, कारण समोरचा माणूस बचावात गेला की खरी माहिती मिळत नाही, याची त्यांना पूर्ण कल्पना होती. काढलेले सगळे जुने भाग, मूळ ईसीयूसह, घेऊन या असेही त्यांनी बजावले. ईसीयू सुदैवाने डिकीतच एका पिशवीत होता.

त्या दिवशी त्यांनी गाडीला पाना लावला नाही. वारंवार सेल्फ मारून बॅटरी उतरलेली होती, आणि उतरलेल्या बॅटरीवर घेतलेले कोणतेही माप विश्वासाचे नसते, असे सांगून त्यांनी ती रात्रभर चार्जिंगला लावली. मला त्या वेळी हा वेळकाढूपणा वाटला. दुसऱ्या दिवशी पाहिले तेव्हा त्यामागचे कारण पटले.

त्यांची तपासणी मी शेजारी उभा राहून पाहिली. ते पाहू देतात, आणि विचारले तर समजावूनही सांगतात. सर्वप्रथम त्यांनी इंजिन गाडीला जुळणारे आहे की नाही हे पाहिले. ज्यांना के१२एम इंजिन विकत घ्यायचे आहे त्यांनी ही गोष्ट नोंदवून ठेवावी: २०११ मध्ये आलेल्या नव्या बांधणीच्या स्विफ्टमध्ये या इंजिनाला व्हीव्हीटी, म्हणजे इनटेक व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा आली. त्याआधीच्या रिट्झमध्ये आणि २०१० च्या जुन्या बांधणीच्या स्विफ्टमध्ये असलेले इंजिनही के१२एमच आहे, पण त्याला व्हीव्हीटी नाही. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात आणि विकणाऱ्याला फरक माहीत असेलच असे नाही. व्हीव्हीटीच्या ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हचा कपलर हार्नेसमध्ये आहे पण इंजिनावर तो लावायला जागाच नाही, अशी स्थिती दिसली तर चुकीचे इंजिन आले आहे असे समजावे. माझ्या बाबतीत इंजिन बरोबर होते.

त्यानंतर मुख्य तपासणी झाली. बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावला. सेल्फ न मारता १२.६ व्होल्ट, आणि सेल्फ मारताना १०.३. सेल्फ मारताना हा आकडा साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये असा ठोकताळा आहे, त्यामुळे बॅटरी चांगली ठरली. मग त्यांनी मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी थेट इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून धाकट्या भावाला सेल्फ मारायला सांगितले. या दोन्ही जागा विजेच्या दृष्टीने एकच असायला हव्यात, म्हणून मीटरवर जवळपास शून्य दिसले पाहिजे. फार तर ०.२ किंवा ०.३ व्होल्ट. प्रत्यक्षात २.६ दिसले.

‘साहेब, तुमचा आजार इथं आहे,’ एवढेच ते म्हणाले, आणि तरीही पुढची मापे घेतच राहिले.

या २.६ व्होल्टचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे, कारण इंजिन बदललेल्या गाड्यांमध्ये हा दोष वारंवार सापडतो. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून एक जाड तार किंवा वेणीसारखी तांब्याची पट्टी गिअरबॉक्सवर किंवा इंजिनावर येते. सेल्फला लागणारा करंट, छोट्या पेट्रोल गाडीत साधारण १०० ते १५० अँपिअर, इंजिनाच्या धातूतून याच पट्टीने परत बॅटरीकडे जातो. इतक्या करंटाला ०.०२ ओहमचा अडथळाही पुष्कळ होतो: १३० अँपिअर गुणिले ०.०२ म्हणजे बरोबर २.६ व्होल्ट वाटेतच खर्च. बॅटरी १०.३ व्होल्ट देत असली तरी सेल्फच्या वाट्याला ७.७ येतात, म्हणून तो जड फिरतो आणि दोष बॅटरीवर जातो. आणि माझ्या गाडीत त्यांनी दाखवल्याप्रमाणे ईसीयूच्या अर्थिंगच्या तारा इंजिनावरच येऊन बसलेल्या असल्यामुळे ईसीयूलाही तेवढाच कमी पुरवठा मिळत होता. सेल्फ फिरायला लागतो त्या पहिल्या क्षणी करंट सर्वाधिक असतो. मल्टिमीटरला तो क्षण पकडता येत नाही, पण त्यांनी ऑसिलोस्कोप (व्होल्टचे क्षणाक्षणाचे चढउतार रेषेने दाखवणारे यंत्र) लावला तेव्हा पडद्यावर रेषा क्षणभर कितीतरी खाली कोसळताना स्पष्ट दिसली. तेवढ्या वेळात ईसीयू बंद पडून पुन्हा चालू होत होता. स्कॅनरचा संपर्क तुटण्याचे कारण हेच, आणि क्रँक सेन्सरचा संकेत ईसीयूला न दिसण्याचे कारणही हेच.

आधीच्या गॅरेजने ही पट्टी तपासली नव्हती असे नाही. त्यांनी मल्टिमीटर बझरवर लावून पाहिले होते आणि बझर वाजला होता. परंतु बझर किंवा ओहमचे माप घेताना मीटर त्या जोडातून अगदी नगण्य करंट सोडतो. पट्टीचा एक धागा जरी धातूला टेकलेला असला तरी बझर वाजतो. शंभर अँपिअर त्याच धाग्यातून जाऊ शकत नाहीत. म्हणून अर्थिंगची परीक्षा भार चालू असताना, व्होल्ट मोजूनच करावी लागते. एवढी एक गोष्ट जरी वाचकांनी लक्षात ठेवली, तरी अनेकांचे क्रँक सेन्सर वाचतील.

पट्टी सोडून पाहिल्यावर कारण दिसले. वापरलेले इंजिन आणि उतरवलेला गिअरबॉक्स ग्राहकाच्या हाती देताना नवे दिसावेत म्हणून त्यांवर सिल्व्हर रंगाचा फवारा मारण्याची पद्धत नाशिकमध्ये सर्रास आहे. माझ्याही गिअरबॉक्सला तो मारलेला होता, आणि पट्टीचा लग, म्हणजे टोकाची धातूची कडी, त्या रंगाच्या थरावरच बोल्टने आवळलेला होता. बोल्टच्या आट्यांतून जेवढा धातूचा स्पर्श मिळत होता, तेवढ्यावर सगळे चालले होते. दाखवण्यापुरत्या रंगाचे पैसेही मीच दिले होते, हे बिल पुन्हा पाहिल्यावर लक्षात आले.

खात्री करण्यासाठी त्यांनी जी युक्ती केली ती कोणालाही घरी करता येईल. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला जंपर केबलचे एक टोक आणि इंजिन उचलायच्या हुकाला दुसरे टोक लावले, म्हणजे संशयित पट्टीला समांतर एक चांगली वाट करून दिली. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि केबल इंजिनाच्या बेल्टपासून व पंख्यापासून दूर, एवढी काळजी घ्यावी. सेल्फ मारताच त्याचा आवाजच बदलला. जड कण्हणे जाऊन नेहमीचा खणखणीत फिरता आवाज आला, स्कॅनरचा संपर्क टिकून राहिला आणि पडद्यावर इंजिनाचे फेरे २४० च्या आसपास दिसू लागले. याचा अर्थ क्रँक सेन्सर, त्याच्या तारा आणि ईसीयूचे ते सर्किट ठणठणीत होते. नंतर त्यांनी रंग खरवडून धातू उघडा केला, पट्टीचा लग घासून स्वच्छ केला, नवी पट्टी बसवली, आणि बॉडीकडे जाणारी दुसरी तारही सोडून साफ करून लावली. पुन्हा माप घेतले तेव्हा २.६ च्या जागी ०.१५ आले.

गाडी मात्र अजूनही सुरू झाली नाही, आणि या वर्कशॉपविषयी माझे मत इथेच पक्के झाले. एक मोठा दोष सापडल्यावर बहुतेक ठिकाणी तोच शेवटचा धरतात आणि तरीही गाडी सुरू न झाल्यास गोंधळ सुरू होतो. या भावांनी पुढच्या पायरीवर जायला क्षणभरही वेळ घेतला नाही, कारण तो दिवा त्यांनी पहिल्याच दिवशी वहीत नोंदवून ठेवला होता: किल्ली चालू केल्यावर इमोबिलायझरचा दिवा विझण्याऐवजी लुकलुकत होता.

लावलेला ईसीयू दुसऱ्या स्विफ्टचा होता. किल्लीच्या डोक्यातल्या चिपचा सांकेतिक क्रमांक ईसीयूला ओळखीचा असल्याशिवाय तो इंजिन चालू देत नाही. चोरी टाळण्यासाठीच ती व्यवस्था आहे. काही कंपन्यांच्या गाड्यांत अशा वेळी इंजिन पेटून लगेच बंद पडते, काहींत इंजेक्टरला, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या भागाला, संकेतच जात नाही. इथे इंजेक्टरच्या कपलरमध्ये लावलेला छोटा तपासणी दिवा सेल्फ मारताना एकदाही लुकलुकला नाही, म्हणजे संकेत येतच नव्हता. ‘ईसीयू गेला का ते बघायला ज्यानं दुसरा ईसीयू लावला, त्यानं एका आजाराचे दोन करून ठेवले,’ असे मोठे भाऊ हसत म्हणाले. पिशवीतला मूळ ईसीयू परत लावल्यावर दिवा नेहमीप्रमाणे विझला, आणि पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू झाले. थोडे अडखळत चालले, कारण टाकीतले पेट्रोल पावसाळाभर पडून राहिलेले होते आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) काळी झाली होती. ते किरकोळ काम धाकट्यांनी उरकले.

इंजिन सुरू झाले म्हणजे काम संपले असे त्यांनी मानले नाही. फ्युएल लाइनवर गेज लावून दाब तीन बारच्या आसपास स्थिर राहतो हे पाहिले. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन घेतले आणि त्यांत फारसा फरक नाही हे वहीत लिहून दाखवले. वापरलेले इंजिन घेणाऱ्याला हीच खरी माहिती हवी असते, आणि ती इंजिन विकत घेताना कोणीही देत नाही. क्रँक आणि कॅम या दोन्ही सेन्सरच्या लहरी एकाच वेळी पडद्यावर आणून त्यांचे एकमेकांशी असलेले अंतर पाहिले, म्हणजे टायमिंग चेन दात सोडून बसलेली नाही याची खात्री झाली. मूळ इंजिन कूलंटअभावीच गेले होते हे लक्षात ठेवून त्यांनी रेडिएटरची हवा काढली आणि पंखा आपोआप चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन तसेच चालू ठेवले. यातले एकही काम मी सांगितलेले नव्हते. शेवटचे तर मला स्वतःहून सुचलेही नसते.

सातपूरला बॉशचा कारखाना आहे, जो जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही मायकोच आहे. महिंद्राचा कारखानाही तिथेच. त्यामुळे डिझेल पंप आणि नोझल यांचे उत्तम जाणकार नाशिककरांना शोधावे लागत नाहीत. पेट्रोल गाडीच्या वायरिंगचा माणूस मात्र या शहरात कमी मिळतो असा माझा अनुभव आहे, आणि जे आहेत त्यांच्यापैकी अनेक जण वायर तोडून टेस्ट लॅम्प लावण्याच्या पद्धतीचे आहेत. या वर्कशॉपमध्ये एकही वायर तोडली गेली नाही किंवा सोलली गेली नाही. सगळी मापे कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून घेतली गेली. वायर सोलली तर पुढे पावसात त्या जागी हिरवट गंज धरतो आणि वर्षभराने नवाच आजार सुरू होतो, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आता गैरसोयी. वेळेच्या बाबतीत हे लोक कोणताही शब्द देत नाहीत. ‘सापडलं की फोन करतो’ हे एकच उत्तर मिळते, आणि फोन ते क्वचितच आपणहून करतात. चौकशी आपल्यालाच करावी लागते. एका वेळी शेडमध्ये तीन-चार गाड्याच मावतात, बाकीच्या बाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात. तिथे रात्री राखण नाही, त्यामुळे गाडीत मौल्यवान काही ठेवू नये. बसायला जागा म्हणजे एक बाकडे. पक्के बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. मी मागितले तेव्हा दिले, पण त्यावर ‘वायरिंग काम’ एवढाच मोघम मजकूर होता आणि घेतलेली मापे लिहून द्या म्हणून मला आग्रह करावा लागला. इतकी शिस्तबद्ध वही ठेवणाऱ्या माणसांनी तिची एक प्रत ग्राहकाला आपणहून का देऊ नये, हे मला कळलेले नाही. शिवाय ज्यांना आपल्या गाडीत काय झाले यात रस नाही, फक्त गाडी हवी आहे, त्यांना मोठ्या भावांचे लांबलचक स्पष्टीकरण कंटाळवाणे वाटू शकते.

पैशांचे म्हणाल तर तपासणीचे शुल्क १,२०० रुपये, आणि दोष सापडो वा न सापडो, ते द्यावेच लागते. हे ते सुरुवातीलाच सांगतात. पट्टी, सफाई, कॉम्प्रेशन, थ्रॉटल बॉडी वगैरे मिळून एकूण ३,९०० रुपये झाले. टोचनचा खर्च वेगळा. तपासणीचे वेगळे पैसे द्यायला आपल्याकडे लोक कुरकुरतात, सुटा भाग बदलला तरच काम झाले असे मानतात, आणि म्हणूनच गॅरेजवाला मोजण्याऐवजी बदलण्याकडे झुकतो. मला १,२०० रुपये अजिबात जड वाटले नाहीत. जे भाग आधी विनाकारण बदलले गेले त्यांची बेरीज याच्या कितीतरी पट होती, आणि २८,००० तर पुढे जायचेच होते.

त्यांनी निघताना आठवण करून दिली म्हणून इथेही सांगतो: इंजिन बदलले की त्याचा क्रमांक बदलतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे हा बदल चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावा लागतो. पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात जाताना इंजिन विकत घेतल्याची पावती सोबत असणे आवश्यक आहे, कारण ते इंजिन कोठून आले हा प्रश्न तिथे हमखास विचारला जातो. विमा कंपनीलाही नवा क्रमांक कळवावा. अपघात झाल्यावर आरसीवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक जुळला नाही तर दावा अडकतो. हे कागदी काम वर्कशॉप करून देत नाही, आणि त्यांनी ते करावे अशी अपेक्षाही नाही.

गाडी तिकडे न्यायची असेल तर आधी फोन करून किंवा समक्ष जाऊन जागा आहे का ते विचारावे. न विचारता टोचन करून नेलेली गाडी ते परत पाठवतात, हे मी तिथे असताना पाहिले आहे. काढलेला प्रत्येक जुना भाग, दोन्ही किल्ल्या आणि इंजिन बसवणाऱ्या मिस्त्रींचा फोन नंबर सोबत न्यावा. शनिवारी शेड बंद असते. डिझेल गाड्याही ते पाहतात, पण पंप किंवा इंजेक्टर उघडावा लागला तर सातपूरकडे पाठवतात.